शेजारची जागा

"म्हणजे भीती वाटली तरी पाय उचलायचा नाही?"

"भीती वाटली म्हणूनच उचलायचा न्हाई," हिराआक्का म्हणाली.

उदयन इंगवले हसला. कोल्हापूरजवळ त्याची स्वतःची फाउंड्री. गडी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. असलं उलटंसुलटं बोलणं एरवी त्यानं ऐकूनसुद्धा घेतलं नसतं, पण आज गरज त्याची होती.

झालं होतं असं. त्यानं हौसेनं स्पोर्ट्स कार घेतली, इंजिन मागं असलेली. बायकोला, केतकीला, शेजारी बसवून करूळ घाट उतरत होता. एका वळणात जरा जोरातच शिरला. गाडीची मागची बाजू सुटल्यासारखी वाटली. त्यानं झटकन अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला... आणि गाडी गर्रकन फिरली. कठड्याला टेकता टेकता थांबली, तोंड परत कोल्हापूरकडं.

केतकी ओरडली नाही, रडली नाही. फक्त त्या गाडीत पुन्हा बसली नाही. माहेरी वैभववाडीला जायचं तर वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायची. दारात एवढी गाडी, आणि बायको वडापनं! गल्लीनं हसून घेतलं. ते त्यानं सोसलं. तिचं गप्प राहणं मात्र सोसेना.

"हिराआक्का बस म्हणाल्या तर बसीन," एवढंच ती म्हणाली होती.

हिराआक्का सरनाईक म्हणजे एकेकाळी रॅलीत गाड्या पळवलेली बाई. आता सत्तरीची. माळावरच्या एका बंद धावपट्टीवर गाडी शिकवायची. बोलायची अस्सल कोल्हापुरी बाईसारखी, 'मी येतो, मी बसतो' अशी. आणि शिष्याची भीडभाड ठेवायची नाही.

आक्कानं टँकर बोलावून धावपट्टीच्या टोकाचा मोठा गोल ओला करून घेतला.

"ह्या गोलात फिरायचं. चाळीसच्या वर जायचं न्हाई."

"चाळीस? आक्का, आमच्याकडं म्हशी जातात चाळीसनं."

"मग म्हशीगत जा. पण जा."

तो गेला. ओल्या जमिनीवर चाळीस म्हणजे काय, हे त्याला पहिल्याच फेरीत कळलं. मागची बाजू घसरली, पाय सटकन वर आला, आणि गाडी दोन गिरक्या घेऊन उभी राहिली.

"काय केलंस?" आक्का खिडकीपाशी येऊन म्हणाली.

"काही नाही केलं."

"पाय?"

"...उचलला."

"पाठीवर पोतं घेऊन पळणारा हमाल एकदम थबकला तर?"

"पोतं त्याला घेऊन पडेल. हे मला माहीत आहे, आक्का. वजन पुढं जातं, मागच्या टायरची पकड सुटते... मी सगळं वाचलंय."

"तू वाचलंयस. तुझा पाय अडाणी हाय."

उदयन चडफडला. पण पुन्हा गोलात गेला. पुन्हा फिरला. पुन्हा गेला. ऊन चढलं, टँकर रिकामा होत आला. आणि मग एका फेरीत मागची बाजू घसरली, काळजाचं पाणी झालं, तरी पाय होता तिथंच राहिला. स्टिअरिंग अलगद घसरणीकडं वळलं. गाडी सरळ झाली.

"आक्का!" तो आतूनच ओरडला. "पकडीची हद्द इथं आहे! इथं... आणि इथून परत येता येतं!"

त्याला आता नवल वाटायला लागलं होतं. शाळेत नवा खेळ सापडलेल्या पोरासारखा तो ती हद्द शोधत राहिला. मग कोरड्या लांब वळणावर गेला. तिथंही जोरात शिरला, घसरला, सावरला. ऐटीत आक्कापाशी येऊन थांबला.

"आता घाटात कितीही जोरात शिरू दे. सावरीन!"

आक्कानं त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"तिकडं बस. मी चालवतो."

ती त्याच्यासारखीच वळणात शिरली, तेवढ्याच जोरात. मागची बाजू घसरली. तिचा पाय हलला नाही. हात जरासा वळला, गाडी सरळ झाली. त्यानं सावरली होती त्याहून सुरेख.

"वा..." उदयन म्हणायला गेला.

"पाय कुठं हाय तुझा?"

त्यानं खाली पाहिलं. उजवा पाय मॅटवर रुतला होता. गुडघा ताठ, बुटात बोटं आवळलेली.

"कशावर दाबतोस?"

उदयननं पाय मागं ओढला.

"ब्रेक हाय व्हय तिथं?"

केतकी त्या दिवशी ह्याच जागेवर होती. तिनंही असाच पाय दाबला असेल, कशावरच नाही. स्वतःची एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

आक्कानं दुसरी फेरी घेतली. ह्या खेपेला वळण यायच्या आधीच, सरळ रस्त्यावर, तिनं ब्रेक दाबून वेग उतरवला. वळणाच्या मध्यावर आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबत नेला. माळावर मेंढरं चरत होती. उदयन त्यांच्याकडं बघत होता.

"आत्ता हळू का आलो?"

"शिरलो हळू. भाईर पडताना मघापेक्षा जोरात हुतो."

"...मला कळलंसुद्धा नाही."

"व्हय."

पण उदयनचं कुतूहल काही त्याला स्वस्थ बसू देईना.

"मग हद्द शोधायचीच नाही का, आक्का?"

"शोध की. हितं शोध. एकट्यानं. मन भरस्तोवर शोध."

तिनं गाडी झाडाखाली लावली. दोघं उतरली.

"आक्का... केतकीला सांगाल?"

"बस म्हणून सांगतो की. आजच सांगतो."

उदयनला एकदम हायसं वाटलं. डोळे भरून आले, ते त्यानं लपवलेही नाहीत.

"आणि मला गाडी आली, हेही सांगाल ना?"

"ते न्हाई सांगणार."

"का? काय राहिलं अजून?"

आक्कानं किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"मग ते कधी सांगाल?"

"घाटात तिला तुझ्या शेजारी डुलकी लागंल, त्या दिवशी."