कायदा बदलला, माणसे बदलेनात

फार वर्षांपूर्वी रोम शहरात व्हिबियस नावाचा एक लोहार राहत असे. त्या काळी तिथे लोकांचे दोन वर्ग होते, उमराव आणि सामान्य. लढाईला दोघांनीही जायचे. पण अधिकाराच्या खुर्चीवर फक्त उमरावांनी बसायचे, असा कायदा होता. त्यामुळे गायरान सगळ्यांचे असूनही तिथे उमरावांचीच गुरे चरत. सामान्यांची जनावरे काठीने हुसकावली जात.

व्हिबियस चिडला. त्याने घरोघर फिरून लोकांना एकत्र केले. शत्रू चालून आला तेव्हा सगळे म्हणाले, "आधी कायदा बदला, मग तलवार उचलू." उमरावांचा नाइलाज झाला. यापुढे कोणीही नागरिक निवडणुकीला उभा राहू शकेल, असा कायदा झाला. मग सगळे लढले आणि शत्रू पळाला.

निवडणूक आली. एकीकडे व्हिबियस, दुसरीकडे लार्शियस नावाचा उमराव. गायरानावर सर्वांत जास्त गुरे याचीच. तो पांढराशुभ्र झगा घालून बाजारात आला, दोन-चार जणांच्या पाठीवर हात ठेवून गेला आणि निवडून आला. सामान्यांनीच त्याला मते दिली!

गायरान सामान्यांना बंदच राहिले. शेजारचा ऑपिटर गाऱ्हाणे घेऊन व्हिबियसच्या भट्टीवर आला.

"मत कुणाला दिलं होतंस?" व्हिबियसने विचारले.

"लार्शियस सरकारांना. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली रे!"

"आणि ती तापाने फणफणली होती, तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? माझी बायकोच ना?"

"ते खरं. पण तू काय, आपल्यातलाच. खुर्चीवर मोठा माणूसच शोभतो."

व्हिबियसने कपाळावर हात मारून घेतला. त्याची बायको मेटिया मात्र गप्प बसेना. "आम्हा बायकांना मतच नाही," ती म्हणाली, "आणि ज्यांना आहे, ते असं मातीत घालतात!"

ऑपिटर खाली मान घालून निघून गेला.

पुढच्या वर्षी व्हिबियस पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा पडला. त्यानंतरही तेच. दारोदार तेच ते सांगून त्याचा घसा बसला, तो वैतागला, पण हटला नाही. शेवटी चाऱ्यावाचून गुरे विकायची पाळी आली, तेव्हा कुठे लोकांनी त्याला निवडून दिले.

त्याच दिवशी त्याने गायरान खुले केले. "चला, आणा आपापली गुरं!"

लोक कासरे धरून उभेच. कोणी पाऊल टाकेना. मग ऑपिटर हळूच पुढे आला.

"पण व्हिबियस, लार्शियस सरकारांना विचारलंस का?"

 व्हिबियसने ऑपिटरच्या हातातला कासरा हिसकावून घेतला आणि गाय स्वतःच आत नेली.

तात्पर्य: कायदा बरोबरीचा हक्क देतो, पण आपल्यातलाच माणूस जोवर आपल्याला लहान वाटतो, तोवर बरोबरी येत नाही.