हाक आणि ओ

फार वर्षांपूर्वी, झाडंसुद्धा एकमेकांची विचारपूस करायची तेव्हा, ओढ्याकाठच्या जांभळीच्या ढोलीत झिपरी खार राहायची. तिने वानरकाकांना पलीकडचे आवळे आणायला सांगितले होते. काका वरूनच ढोलीत ओतून पुढच्या खेपेला पळायचे.

एका सकाळी मंजुळा साळुंकी आली. "खारूताई, माझं घरटं वाऱ्याने पडलं गं. अंडं तर आजच घालायचंय. ढोली देतेस?"

झिपरीला दया आली. ओढ्याकडे तोंड करून ती ओरडली, "काका, आवळे नकोत आता!" मग म्हणाली, "झालं! ढोली तुझी."

"काकांनी ओ दिली?"

"अगं, एवढ्या मोठ्याने ओरडले! ऐकलंच असेल."

"हाक तुझी, पण ओ त्यांची यायला हवी," म्हणत साळुंकी अवघडून फांदीवरच बसली.

"भारीच भित्री बाई तू!" झिपरी फुरंगटली.

तेवढ्यात वरून धडाधड आवळे कोसळले. अर्धी ढोली भरली आणि काका पुन्हा ओढ्यापार दिसेनासेही झाले. झिपरीने ढोलीत डोकावून पाहिलं. आत अंडं असतं तर?

ती शेंड्यावर चढली, पुन्हा हाक मारली आणि या वेळी कान टवकारून थांबली.

"ओऽऽ! बरं, नाही आणत गं पोरी!"

मग दोघींनी मिळून आवळे बाहेर काढले. संध्याकाळी ढोलीत एक निळसर अंडं होतं.

त्यातून निघालेलं पिल्लू सगळ्यांत आधी कोणता शब्द शिकलं, माहीत आहे? "ओ!"