सुताराच्या घरून निरंक

एकदा एक तरुण आपल्या वृद्ध गुरुजींकडे तावातावाने आला. त्याची पत्नी परदेशात वाढलेली, तिथलीच नागरिक. लग्नानंतर ती इकडे आली आणि थोरल्या दिरांच्या आजारपणात इथेच राहिली. वर्षभर तिने त्यांची शुश्रूषा केली. कमाई काहीच झाली नाही. दीर वाचले नाहीत; त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. आता तिला परतायचे होते, आणि नवऱ्याला सोबत नेता यावे म्हणून तिने त्याच्या व्हिसासाठी अर्ज केला होता. खर्चाची हमी तिच्या मामांनी घेतली होती. अडले होते एकाच ठिकाणी. व्हिसाच्या कचेरीने तिचे त्या वर्षाचे कराचे विवरणपत्र मागितले होते.

"गुरुजी, कमाई नाही तर कर नाही. कर नाही तर विवरण कशाचं?" तरुण म्हणाला. "माझं डोकं चालेनासं झालंय."

"बायको काय म्हणते?"

"म्हणते, शून्य लिहून पाठवू. मी कागदच ओढून घेतला. दादाच्या उशाशी ती जागली, ते वर्ष शून्य? मी नाही लिहू देणार."

"मग काय पाठवणार?"

"काही नाही. गप्प बसणार."

"आणि ती एकटी गेली म्हणजे?"

गुरुजी उठले. "चल. पाटलांकडे बारसं आहे. वाढायला माणसं कमी आहेत."

पाटलांनी गावाला चूलबंद आवतण दिले होते, म्हणजे त्या दिवशी कोणाच्याही घरी चूल पेटायची नाही, सगळ्यांनी तिथेच जेवायचे, आणि किती जण येणार ते प्रत्येक घराने आधी कळवायचे. पाने मांडली, भात आला, वरण आले. तूप पडले की पंगत सुरू व्हायची. पण तुपाचे भांडे हातात धरून गुरुजी उभेच राहिले.

"थांबा. सुताराच्या घरचा निरोप आलेला नाही."

"गुरुजी, वरण गार होतंय की!" कोणी ओरडले. दुसरा म्हणाला, "निरोप येईस्तोवर बाळाचं लग्न लागेल!" पंगत हसली.

तरुण गोंधळला. तो गुरुजींच्या कानाशी लागला. "अहो, त्यांची म्हातारी नुकतीच गेली. सुतक आहे. ते येणार नाहीत हे गावाला ठाऊक आहे."

"गावाला ठाऊक आहे. त्यांनी सांगितलेलं नाही. जा, विचारून ये."

तरुण रागातच गेला. सुतार उंबऱ्यावर बसला होता. "किती जण येताय?" असे विचारताना तरुणाची जीभ अडखळली.

"कोणी नाही रे बाबा. सुतक आहे. जेवून घ्या म्हणावं." सुताराने डोळे पुसले. "बरं झालं आलास. सकाळपासून या दारात कोणी फिरकलं नाही. वाटलं, आमचं घर वगळूनच पंगत बसली."

तरुणाने परत येऊन निरोप सांगितला. गुरुजी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "सुताराच्या घरून निरंक!" आणि तूप वाढू लागले.

पंगत उठल्यावर तरुणाने विचारले, "ठाऊक होतं तेच ऐकून आलो. मग एवढ्या लोकांना थांबवलंत कशाला?"

गुरुजी म्हणाले, "मी मास्तर होतो तेव्हा दर महिन्याला तालुक्याला अहवाल जायचा. सांगण्यासारखं काही नसलं तरी 'निरंक' लिहून सही करावी लागे. कोरा कागद गेला तर तालुक्याला काय कळणार? शाळेत काही घडलं नाही, की मास्तरच मेला? निरंक म्हणणाराही माणूस असतो, बाळा. तो सांगतो, मी इथे आहे आणि माझ्याकडे हे नाही. तुझी बायकोही शून्य लिहून एवढंच सांगेल, की पैसा आला नाही. ती कोणाच्या उशाशी होती, हे त्या चौकटीत कोणी विचारलेलंच नाही. जे विचारलं नाही त्याचं मोल तिथे कशाला शोधतोस?"

तरुण उष्ट्या पत्रावळी उचलू लागला. "पण गुरुजी, ते लिहिलं की..."

"की काय?"

"की ते वर्ष संपलं."

शेवटच्या पंगतीत गुरुजींनी त्याला बसवले आणि इतरांना विचारले तसेच त्यालाही विचारले, "तुमच्या घरचे किती?"

तरुणाने सवयीने तीन बोटे वर केली. मग एक बोट मिटले.

"दोन," तो म्हणाला. "दादा नाही."

गुरुजींनी त्याच्या भातावर तूप वाढले.

घरी येऊन त्याने कागद पत्नीपुढे ठेवला. तिने काही न विचारता पेन उचलले.

"शून्य जरा मोठं काढ," तो म्हणाला.

"कशाला?"

"मला नाही सांगता येत. काढ."

तिने मोठे शून्य काढले आणि खाली सही केली.