मुजावर वस्तादांचं जेवण

“…आणि ताक चालेल का, वस्ताद? लोणी काढलेलं. वर पाणी घालून.”

तेजल हे दातांवर दात ठेवूनच बोलली. तिला तसंच बोलावं लागत होतं. तिचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. शस्त्रक्रिया करून आत पट्ट्या बसवल्या होत्या, आणि वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले होते.

बाबालाल मुजावर वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून तांबड्या मातीतले खडे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशापायी?”

“वजनासाठी. आज चौपन्न किलो चारशे भरलं. त्रेपन्न करायचंय.”

“डाक्टर काय म्हनला?”

तेजलनं रुमालाची घडी उलगडली.

वारणाकाठच्या त्या गावात मुलींना कुस्ती शिकवणारी ही एकच तालीम. तेजल डांगे तिथली सगळ्यात तयारीची मल्ल. वय बावीस. ती सत्तावन्न किलोच्या गटात खेळायची, आणि त्या गटात तीन वर्षं एकाच मुलीकडून हरत आली होती. त्रेपन्नच्या गटात तिला भारी पडेल अशी कुणी नव्हती.

पण त्रेपन्नपर्यंत तिचं वजन कधी उतरलंच नव्हतं. चार दिवस जेवण तोडायची, पाचव्या दिवशी आईच्या हातची गरम भाकरी बघून हात पुढे जायचा.

मग एका सकाळी सरावात समोरच्या मुलीचं डोकं तिच्या हनुवटीवर आदळलं.

त्याला आज सोळा दिवस झाले होते. नळीतून जे आत जाईल तेच तिचं अन्न. वजन साडेतीन किलोंनी खाली आलं होतं.

“डाक्टर काय म्हनला, ते इचारलं मी.”

“म्हणाले, वजन उतरू देऊ नका. हाड भरायला अन्न लागतं. आणि तीन महिने आखाड्यात पाय ठेवायचा नाही.” तिनं ओठांच्या कोपऱ्यातली लाळ रुमालानं टिपली. “चार आठवड्यांनी तारा निघतील. पुढे दहा दिवसांनी राज्य संघाची निवड चाचणी आहे. डॉक्टरांना कुस्तीतलं काय कळतं, वस्ताद?”

“हाडातलं कळत आसंल.”

“वस्ताद, मी सांगते ते ऐका. इतकी वर्षं मला जमलं नाही. आता देवानंच माझं तोंड बांधलंय.”

वस्ताद थांबले. हातातला खडा त्यांनी बाजूला ठेवला.

“आईनं आज थंडाई दिली न्हाई?”

“दिली की. बदाम वाटून, गाळून. किटली भरून.”

“प्यालीस?”

“प्याले.”

…

“मागं कडुलिंब हाय,” वस्ताद म्हणाले. “त्याच्या बुंध्याला मुंग्या लागल्यात. आठ दिस झालं, बघतोय मी.”

तेजलची मान खाली गेली. पण लगेच ती वरही आली.

“हो, ओतते मी. रोज ओतते. आई बदामासाठी किती काटकसर करते, ते मला माहीत आहे. तरी ओतते. सोपं वाटतं का तुम्हाला? पोटात आग पडते. उठलं की डोळ्यांपुढे अंधार येतो. तरी ओतते. दुसरी कुणी करून दाखवेल हे?”

“दुसरी कुनी करू बी नये.”

“मग तुम्ही?”

“मी काय?”

“आम्ही कधी तरी तुम्हाला जेवताना बघितलंय का?”



ते खरं होतं. तालमीत आलेल्या एकाही मल्लानं मुजावर वस्तादांना जेवताना पाहिलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत ते वाढायला उभे राहत, बसत नसत. यात्रेच्या मैदानात दिवस-दिवस पंच म्हणून उभे असत, तेव्हाही पाण्याखेरीज काही घेत नसत. कुणी म्हणे, त्यांचं कसलं तरी व्रत आहे. कुणी म्हणे, त्यांनी भूकच मारून टाकली आहे. नव्या मुलींना जुन्या मुली हे दबक्या आवाजात सांगत.

“जिभेला जिंकल्याशिवाय मल्ल होत नाही, असं तालमीत सगळे म्हणतात,” तेजल म्हणाली. “तुमच्याकडे बघूनच म्हणतात. मला तुमच्यासारखं व्हायचंय, वस्ताद. दुसरं काही नको.”

“माझ्यासारखं.”

“हो.”

वस्तादांनी हाताची माती झटकली.

मग म्हणाले, “जवळ ये.”

ती जवळ गेली. त्यांनी तिच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली आणि तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. डावा गाल तापलेला होता. सूज उतरायला हवी होती, ती वाढली होती. त्यांनी नाक तिच्या ओठांजवळ नेलं.

“वास येतोय.”

“जखम आहे. वास येणारच.”

“जखमेचा वास येगळा. ह्यो येगळा.” त्यांनी हात खाली घेतला. “ह्यो वास मला ठावं हाय.”

…

“बस हितं. मी जेवनार हाय.”

तालमीच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. बायको वारल्यापासून ते तिथे एकटेच राहत. आतून ते एक पितळी घेऊन आले. पितळीत पांढरट, घट्टसर काहीतरी होतं. भाकरी सकाळपासून दुधात भिजवलेली, हातानं कुस्करलेली, मग फडक्यातून गाळलेली. तान्ह्या मुलाला भरवतात तसं.

दुसरं एक फडकं त्यांनी गळ्याशी बांधलं.

मग डाव्या हातानं दाढी बाजूला केली.

तेजलनं इतकी वर्षं ती दाढी बघितली होती. दाट, छातीपर्यंत आलेली. तिच्याखाली काय आहे, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. डाव्या बाजूला जबडा असायला हवा तिथे खड्डा होता. कातडी आत ओढली गेली होती. वस्तादांनी अंगठा त्या खड्ड्यात दाबून धरला, तेव्हा कुठे खालचा ओठ वरच्या ओठापर्यंत आला.

पहिला चमचा आत गेला. अंगठा हलला. हाड हाडावरून सरकल्याचा बारीक आवाज झाला. अर्धं दूध दाढीतून फडक्यावर ओघळलं.

दुसरा चमचा.

तेजलनं मान फिरवली.

“हिकडं बघ.”

ती बघायला लागली.

मधे एकदा त्यांना ठसका लागला. डोळे लाल झाले, पाणी आलं. ती उठायला गेली, तर त्यांनी हातानंच तिला बसवलं. श्वास जागेवर आला, तसा पुन्हा चमचा उचलला.

पाऊण तास गेला असेल. पितळी रिकामी झाली. वस्तादांनी फडकं सोडलं, दाढी पुसली, ती पुन्हा सारखी केली. आणि समोर पुन्हा तेच मुजावर वस्ताद होते, ज्यांना सगळा तालुका वाकून नमस्कार करी.

“कुणी मोडला?” तेजलनं विचारलं. तिचा आवाज फार खाली गेला होता.

“मोडला तसा तुझाबी मोडलाय. मोडल्यालं भरून येतं.”

“मग?”

“म्या भरू दिलं न्हाई.”

…

“चोवीस वर्साचा हुतो. मलाबी वरच्या गटात कुनी जिंकू देत नव्हतं. मलाबी तारा बांधल्या. मलाबी वाटलं, बरं झालं, तोंड बंद झालं. बायकू पेज करून आनायची. ती दारात हाय तवर घोट घ्यायचा, ती वळली की मोरीत. बाविसाव्या दिसापासनं वास यायला लागला.”

“घरी कळलं नाही?”

“कळलं. रडली. मी बोललो न्हाई तिच्याशी आठ दिस.”

“आणि तुमचे वस्ताद?”

“त्येंनी पाठ थोपटली.”



“तारा काढायला दवाखान्यात गेलोच न्हाई,” वस्ताद म्हणाले. “मैदान जवळ आलं हुतं. घरीच पक्कडीनं तोडल्या. कुस्ती मारली. पदक घिऊन आलो. म्हयन्याभरानं हाडाचा तुकडा तोंडातनं भाइर आला. जेवताना. तिच्यापुढ्यात.”

…

“ती हुती तवर ती भरवायची. ईदला घरात समदी जेवायला बसली की मी शेताकडं जायचो. पोरं म्हनायची, अब्बा रुसलं. पोरांस्नी आजून ठावं न्हाई.”

ते उठले. पितळी उचलली आणि धुवायला आत गेले.

तेजल कधी निघून गेली, ते त्यांनी पाहिलं नाही.

दोन दिवस ती तालमीत फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली आणि दारातच उभी राहून सांगून गेली. तेजल स्वतःहून दवाखान्यात गेली होती. डावीकडचं हाड जुळलंच नव्हतं. हिरडीचे टाके उसवून आत पू झाला होता. पुन्हा चिरावं लागणार होतं.

पुन्हा चिरलं. नखाएवढा मेलेला हाडाचा तुकडा काढला. पट्टी बदलली. पुन्हा तारा बांधल्या, या वेळी सहा आठवडे.

तेजल दर दोन तासांनी प्यायला लागली. थंडाई, डाळीचं पाणी, मटणाचं गाळलेलं पाणी, अंडं फेटून घातलेलं दूध. नळीतून एकेक पेला संपायला अर्धा तास लागे. आई शेजारी बसून राही. पहिले काही दिवस ती पिताना रडायची. आईनं का म्हणून विचारलं नाही.

आठवड्याला ती वजन करायची. पंचावन्न. छपन्न. साडेसत्तावन्न. काटा वर सरकला की तिला कुणीतरी हातातलं काही काढून घेतल्यासारखं वाटायचं. तरी ती पुढचा पेला भरायची.

निवड चाचणी झाली तेव्हा तिच्या दातांना तारा होत्या. त्रेपन्नच्या गटात जी मुलगी निवडली गेली, तिला तेजलनं दोनदा चितपट केलं होतं. त्या मुलीनं पुढे पदकही आणलं. गावात तिची मिरवणूक आली, तेव्हा तेजल घराची खिडकी लावून आत बसली.

तारा निघाल्या. तोंड दोन बोटं उघडू लागलं. त्याहून जास्त उघडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हाड भरलं होतं, पण वेडंवाकडं. तिथे पुन्हा मार बसला तर काही उरणार नाही. कुस्ती बंद.

“किती दिवस?” तिनं विचारलं होतं.

“कायमची,” डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर एका दुपारी ती तालमीत आली. आखाड्यात लहान मुली बैठका मारत होत्या. वस्ताद मुलींकडे पाठ करून खोलीच्या पायरीवर होते, पितळी पुढ्यात घेऊन. तिला बघून त्यांनी दाढीवरचा हात काढला नाही.

ती त्यांच्या शेजारी बसली. डबा उघडला. मऊ करून आणलेली भाकरी, वरण. एकेक लहान तुकडा ती उजव्या दाढेखाली सरकवून चावू लागली.

दोघंही सावकाश जेवणारे.

“वस्ताद.”

“हं.”

“मी तुमचं ऐकलं. सगळं ऐकलं. हाती काय आलं? ना पदक, ना कुस्ती. जबडाही धड नाही.” ती ओरडली नाही. सावकाश बोलत होती, प्रत्येक शब्दाला तोंड दुखत होतं. “तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. तुम्हाला पदक तरी मिळालं.”

“मिळालं.”

“मग मला एवढंच सांगा. पंचांनी तुमचा हात वर केला… लोकांनी खांद्यावर घेतलं… त्या घटकेला काय वाटलं तुम्हाला?”

वस्तादांनी चमचा पितळीत ठेवला.

आखाड्यात कुणीतरी आकडे मोजत होतं. मुली घामानं भिजल्या होत्या.

…

“भूक लागली हुती, पोरी.”