पाचव्या मजल्यावर कोण?

लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागातल्या मृदुलाकडे वृद्ध सुमनताईंचं तिसरं पत्र आलं: ‘लिफ्ट आपोआप रिकाम्या पाचव्या मजल्यावर थांबते. दार उघडतं, समोर कुणीच नसतं. भीती वाटते.’

अभियंत्यांनी लिहिलेलं उत्तर संचालक परचुऱ्यांनी दोनदा सही करून धाडलं होतं: ‘हॉल कॉल लॅच फॉल्ट.’

“यात न कळण्यासारखं काय आहे?” ते गुरगुरले.

मृदुला त्यांना त्याच लिफ्टमधून घेऊन गेली. पाचव्या मजल्यावर दार उघडलं. अंधाऱ्या बोळात कुणी नव्हतं, तरी कुणीतरी आत येत असल्यासारखं दार मिटेचना.

“हे काय होतंय?” परचुरे मागच्या भिंतीला टेकले.

“हॉल कॉल लॅच फॉल्ट, सर.”

“अहो, मला कळेल असं सांगा.”

“सुमनताईही तेच म्हणतायत, सर.”

त्याच दिवशी नवं पत्र गेलं: ‘पाचव्या मजल्यावरचं बटण अडकलंय. उद्या येऊन दुरुस्त करतो.’