मैनेच्या पिंजऱ्यावरचं फडकं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे झालेली चूक मात्र अजून म्हातारी झालेली नाही, म्हणून सांगतो.

राजधानीच्या वेशीवर एक मोठी धर्मशाळा होती. चारी दिशांचे वाटसरू तिथे उतरत आणि तासन्‌तास बोलत बसत. त्यांचं बोलणं ऐकत तिथल्या मैना वाढल्या. ताप कशाने उतरतो, धान्याला कीड का लागते, कोणती वाट जवळची, काहीही विचारा, मैना घडाघडा सांगत. ते पाहून प्रधानाने ठरवलं, राज्यातल्या प्रत्येक शाळेत एकेक मैना द्यायची, म्हणजे पोरं आपोआप शहाणी होतील.

इथवर ठीकच होतं. मैना गुणी होत्या, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण प्रधानाला वाटलं, पोरांनी नसत्या चौकशा केल्या तर मैनेचा मान जाईल आणि तिच्याबरोबर आपलाही. म्हणून त्याने प्रत्येक पिंजऱ्याला लाल फडकं शिवून टाकलं आणि प्रत्येक शाळेच्या भिंतीवर एक ओळ रंगवून घेतली: ‘मैनेला विचारावे, मैनेविषयी विचारू नये.’ शाळेच्या भिंतीवर, बरं का! जिथे प्रश्न विचारायला शिकवायचं, तिथे.

गुरुजी मंडळींपैकी कुणी ब्रसुद्धा काढला नाही. त्यांचंही काम हलकं झालं होतं. मैना सांगे, पोरं पाटीवर उतरवून घेत, आणि शाळा सुटे.

नदीकाठच्या एका गावात अशीच एक शाळा होती. एके दिवशी हुकूम आला, की काठावरच्या सगळ्या शाळांनी उद्या नदीपलीकडे यावं, प्रधान स्वतः मुलांची परीक्षा घेणार आहेत. गावची नाव तेव्हा दुरुस्तीला काढली होती. सकाळी गुरुजींनी मैनेला वाट विचारली. फडक्याआडून उत्तर आलं, “खालच्या उताराने पायी जा. पाणी गुडघाभर आहे.”

पोरं पाट्या घेऊन उठली. नावाड्याची मुलगी तेवढी बसून राहिली.

“गुरुजी, माझा बा म्हणतो तिथं डोह हाय,” ती म्हणाली. “मैनेला हे कुणी सांगितलं, तेवढं इचारू का?”

गुरुजींनी भिंतीकडे बोट दाखवलं. ती ओळ मुलीने रोज वाचली होती. ती उठली, पिंजऱ्याजवळ गेली आणि फडक्याची शिवण तिने दातांनी उसवली. गुरुजींनी छडी उचलली, पण तोवर प्रश्न विचारून झाला होता.

“त्या वाटेने धर्मशाळेत आलेल्या वाटसरूंनी सांगितलं,” मैना म्हणाली. “सगळे हेच म्हणाले, पाणी गुडघाभर.”

“आन् जे बुडाले, ते काय म्हणाले?”



“ते धर्मशाळेपर्यंत आलेच नाहीत,” मैना म्हणाली. “त्यांचं मी काहीच ऐकलेलं नाही.”

गुरुजींच्या हातातली छडी खाली पडली. त्यांनी पोरांना तिथेच बसवलं आणि एक लांब बांबू घेऊन ते उतारावर गेले. दहा पावलं पाणी गुडघाभरच होतं. अकराव्या पावलाला त्यांनी बांबू पुढे टेकवला, तर तो सबंध आत गेला आणि तळ लागला नाही. डाव्या बाजूला तेवढी खडकाची अरुंद वाट गुडघाभर पाण्यात होती; तिच्यावर नेमका पाय पडलेलेच पलीकडे पोचले होते.

त्यांची पोरं वाचली. शेजारच्या गावची शाळा मात्र पहाटेच निघून गेली होती. त्यांची मैनाही त्याच धर्मशाळेतली, उत्तरही तेच, आणि तिथल्या फडक्याला कुणी हात लावला नव्हता. तीन मुलं डोहात गेली. त्यातल्या सगळ्यात धाकटीने पाटी डोक्यावर धरली होती, लिहिलेली उत्तरं पुसली जाऊ नयेत म्हणून. हे सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

आणि प्रधानाने काय करावं? त्याने भर दरबारात त्या शेजारच्या शाळेतल्या मैनेला खोटारडी ठरवलं आणि तिची मान मुरगळायचा हुकूम मागितला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

नदीकाठचे गुरुजी नावाड्याच्या मुलीला घेऊन दरबारात गेले होते. भिंतीवरची ओळ आपण निमूटपणे मानली, हा आपलाही गुन्हा आहे, असं त्यांनी आधी कबूल केलं. मग मुलगी बोलली.

“मैना खोटं बोलली न्हाई, महाराज. आमच्या मैनेनं इचारल्यावर सगळं खरं सांगितलं. इचारायलाच बंदी होती.”

 राजाने मैनेला सोडायला लावलं, सगळी फडकी काढवली, सगळ्या भिंती खरवडून घेतल्या. प्रधानाची पगडी उतरवून त्याला त्याच उतारावर बसवलं. तिथे नवा पूल बांधून होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला त्याने स्वतः सांगायचं, इथे पाणी खोल आहे.

एवढ्याने तीन घरांचं दुःख फिटलं नाही. पण त्या राज्यातली पोरं आता मैनेला आधी उलटा प्रश्न विचारू लागली आणि शंका आली की बांबू घेऊन नदीवर जाऊ लागली. उतारावरही तेच. प्रत्येक वाटसरू प्रधानाला विचारी, “पाणी खोल आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” मग त्याला मान खाली घालून त्या तीन मुलांची नावं सांगावी लागत.

तात्पर्य: मुलांच्या हाती बोलकी मैना द्यायची असेल, तर तिने कुणाचं ऐकलं आणि कुणाचं ऐकलंच नाही, हे विचारायला त्यांना आधी शिकवा.