शॉकपला लागलेली नजर

गाड्या मालकाला उलट बोलत, तेव्हाची गोष्ट. गुणाजीच्या डोंगर चढणाऱ्या जुन्या मोटारसायकलचा शॉकप, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणारा दांडा, तेल गाळू लागला. गुणाजीचा खिसा रिकामा, आणि दारात गाडी न्यायला टपलेला भंगारवाला. नजर लागली म्हणून त्याने शॉकपला लिंबू-मिरची बांधली.

"नजरबिजर काही नाही मालक, त्या लिंबाचं सरबत करा!" शॉकप कळवळला. "माझं तेल अडवणाऱ्या रबरी सीलमध्ये वाळू अडकलीय. पातळ पट्टी घालून काढा, नाहीतर मी चाललो भट्टीत!"

"पट्टी कुठनं आणू?"

"परवा कमरेवर आपटलात, तिच्या एक्स-रेची फिल्म आहे ना? कापा!"

गुणाजीने कुरकुरत कापली, पट्टी सीलभोवती फिरवली. वाळू निघाली, तेल थांबलं. भंगारवाला हात हलवत परत गेला.

शॉकप खुशीत उसळला, "बघा! तुमची अक्कल कमरेत होती, आम्ही उगाच डोक्यात शोधत होतो."